प्रेरणास्थान एक आणि फोटो भलत्याचाच

आमच्याकडे जळगाव-धुळ्याच्या पट्ट्यात कुठल्याही गावात पोरगं पीएसआय झालं, तलाठी झालं, आर्मीत लागलं की दोन दिवसांत चौकात फ्लेक्स लागतो. मध्ये पोराचा फोटो, वरच्या पट्टीत आमदार, माजी आमदार, जिल्हा परिषद सदस्य, सोसायटीचे चेअरमन, गॉगलवाले दोन-तीन भाऊ, आणि त्या सगळ्यांखाली जाड अक्षरात लिहिलेलं असतं, प्रेरणास्थान. आता या भाऊंनी पोराला नेमकी काय प्रेरणा दिली हे त्या पोरालाच विचारलं तर त्यालाही सांगता येणार नाही, फ्लेक्सचे पैसे दिले एवढं नक्की. ज्या पीटीच्या सरांनी पहाटे ग्राउंडवर स्टॉपवॉच घेऊन त्याचं सोळाशे मीटरचं टायमिंग सेकंदा-सेकंदाने खाली आणलं ते सर फ्लेक्सवर नसतात, मिरवणुकीत असलेच तर डीजेच्या मागे कुठेतरी गुलालात माखून चालत असतात.

क्लासवाल्यांची तर वेगळीच गंमत. एकाच पोरीचा फोटो शहरातल्या तीन-चार क्लासच्या होर्डिंगवर, प्रत्येक जण म्हणतो आमची विद्यार्थिनी. एकाकडे ती फक्त मॉक इंटरव्ह्यूला गेलेली, दुसऱ्याकडे टेस्ट सिरीज घेतलेली, तिसऱ्याने तर निकालानंतर सत्काराला बोलावलं आणि तिथेच फोटो काढून घेतला. हे देशभर इतकं बोकाळलं की नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला कोचिंगच्या जाहिरातींसाठी नियमावली काढावी लागली, पास झालेल्याचं नाव-फोटो वापरायचा तर निवड झाल्यानंतर लेखी संमती घ्या, आणि त्याने तुमच्याकडे नेमका कोणता कोर्स केला होता तेही छापा. म्हणजे श्रेय घ्यायला सरकारी नियम आले. श्रेय द्यायला मात्र कुठलाच नियम नाही, ते आपलं आपण ठरवायचं, आणि तिथे आपण लोक फार ढिले आहोत असं माझं स्पष्ट मत आहे.

ज्या माणसामुळे आपण आज करतोय त्या कामाकडे वळलो, त्याला ते तोंडाने सांगितलं पाहिजे, त्याने नेमकं काय केलं होतं त्याच्यासकट, आणि शक्यतो तो अजून ते काम करतोय तोवर. काही जणांना हा शिष्टाचाराचा विषय वाटतो. मला हा गावाच्या फायद्याचा विषय वाटतो आणि का ते सांगतो.

मोठ्या शहरात करिअर कौन्सिलर असतात, नातेवाईक आधीच त्या लाइनमध्ये असतात, कॉलेजात कंपन्या येतात. आमच्याकडे पोरांची आयुष्यं ज्यांच्यामुळे वळतात ती माणसं त्या कामासाठी नेमलेलीच नसतात. टायपिंगच्या क्लासमधले सर असतात जे म्हणतात स्टेनोची जागा निघालीय भर ना फॉर्म. दवाखान्यातला कंपाउंडर असतो ज्याच्याकडून डीएमएलटी नावाचा, रक्त-लघवी तपासायच्या लॅबचा कोर्स असतो हे पहिल्यांदा कळतं. प्रयोगशाळा सहायक असतो जो प्रॅक्टिकल संपल्यावरही मायक्रोस्कोपला हात लावू देतो. कृषी सहायक असतो, बँकेतला एखादा कॅशियर असतो, बारावीला एकाच वर्षासाठी आलेल्या मॅडम असतात. या लोकांचं सगळ्यात मोठं वैशिष्ट्य हे की आपल्यामुळे कोणाचं काय झालं याचा त्यांना पत्ताच नसतो. शिक्षकाच्या हाताखालून दरवर्षी एक वर्ग जातो, पोरं पुण्याला जातात, सुरतला जातात, लग्नात दिसतात, पाया पडतात आणि पुढे सरकतात. सर दहा गोष्टी करून बघत असतात, त्यातली कोणती लागू पडली हे कोणीच येऊन सांगत नाही, मग वय झालं, कंटाळा आला, वरून माहिती भरायची कामं वाढली की त्यातली कोणतीही एक गोष्ट बंद पडते, आणि बऱ्याचदा नेमकी तीच बंद पडते जिच्यामुळे पाच-सहा पोरांची गाडी रुळावर आलेली असते.

माझ्याच बाबतीतलं सांगतो. मी ड्रिपच्या, म्हणजे ठिबक सिंचनाच्या डिझाइनचं काम करतो, शेताचा नकाशा, चढउतार, विहिरीचं पाणी, मोटरचा एचपी बघून मेन लाइन कुठून न्यायची, सबमेन किती इंची, लॅटरल किती लांब ठेवली तर शेवटच्या झाडापर्यंत प्रेशर राहील हे काढायचं. केळीच्या पट्ट्यात या कामाला मरण नाही. पण दहावी झालो तेव्हा अशी काही लाइन असते हे घरात कोणाला माहीत असणार. तालुक्याच्या वाचनालयात एक नाना होते, पुस्तकं देणं-घेणं, झाडलोट, माठ भरणं सगळं तेच करायचे. ते जुन्या पेपरातल्या प्रवेशाच्या आणि भरतीच्या जाहिराती कापून, घरून आणलेल्या खळीने कॅलेंडरच्या पुठ्ठ्यावर चिकटवायचे आणि तो पुठ्ठा माठाच्या वर खिळ्याला अडकवायचे, कारण पाणी प्यायला प्रत्येक जण तिथे येणारच. शेवटची तारीख लाल पेनाने गोल केलेली. कृषी तंत्रनिकेतन हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा तिथे वाचला, ग्लास हातात धरून.

पुढे नोकरीत स्थिर झाल्यावर त्यांना जाऊन हे सगळं सांगितलं. मला वाटलं होतं खूश होतील, आशीर्वाद देतील वगैरे. ते म्हणाले, "त्यामा मन्हं काय शे रे भो, पेपरमा छापेल व्हतं." मग थोडा वेळ काहीच बोलले नाहीत आणि एकदम विचारलं, म्हणजे ते पुठ्ठ्यावरचं कोणी वाचायचं का खरंच? त्यांनी तो उद्योग केव्हाच बंद केला होता. कमिटीतल्या कोणीतरी पेपर कापू नका, फाइल खराब होते म्हणून सुनावलं होतं, आणि यांच्याकडे उत्तर द्यायला काहीच नव्हतं, कारण पुठ्ठ्याचा फायदा झालेलं एकही पोरगं तोवर सांगायला आलेलं नव्हतं. नंतर मी गेलो तेव्हा माठाच्या जागी वॉटर फिल्टर आलेला होता आणि त्याच्या वर पुठ्ठा होता. मोबाईलच्या जमान्यात पुठ्ठा कोण बघतं असं म्हणणारे म्हणोत, तिथे फॉर्मच्या लिंक नाना कोणाकडून तरी मोठ्या अक्षरात लिहून घेतात आणि पोरं त्याचा फोटो काढून नेतात.

यावर मला हमखास ऐकवलं जातं की आपल्यात बोलून दाखवायची पद्धत नाही, मनात असलं म्हणजे झालं. घरात खरंय, आईने भाकरी वाढली की थँक्यू म्हटलं तर ती तापच आलाय का बघेल. पण घराबाहेर हा युक्तिवाद चालत नाही, कारण तेच लोक ५ सप्टेंबरला सकाळी सहाला गुलाबाचं फूल आणि समई असलेला फॉरवर्ड सगळ्या ग्रुपवर टाकतात, त्यात ज्या शिक्षकांचे आभार मानलेत ते कोण, त्यांनी काय शिकवलं, काही नाही. म्हणजे बोलून दाखवायची लाज नाहीये, नेमकं बोलायचा आळस आहे. दुसरी अडचण जरा खरी आहे. आमच्याकडे कोणी कोणाचं कौतुक केलं की समोरचा आधी विचार करतो, याचं काम काय असेल माझ्याकडे. चमचेगिरीचा वास इतका सगळीकडे भरलाय की खरं बोलणाऱ्यालाही संकोच वाटतो. यावर उपाय एकच, ज्याच्याकडे आपलं आता काहीच काम नाही आणि पुढेही पडणार नाही त्याच्याकडे आधी जायचं. आमदारसाहेबांना थांबवा थोडं, त्यांच्याकडे रांग आहे.

वेळेचाही मुद्दा आहे. बहिणाबाई चौधरी ३ डिसेंबर १९५१ ला गेल्या आणि त्यांच्या गाण्यांचं पुस्तक आलं १९५२ मध्ये. आसोद्याची ही लेक, लिहिता-वाचता येत नव्हतं, आज तिच्या ओळी शाळेच्या पुस्तकात आहेत, लग्नपत्रिकेत आहेत, आणि जळगावच्या विद्यापीठाला २०१८ मध्ये तिचं नाव दिलं गेलं. चांगलंच झालं, मला त्या नावाचा अभिमान आहे, माझ्या भाचीच्या डिग्रीवर ते नाव आहे. पण यातलं काहीही त्या बाईला कळलं नाही. बरं, तिच्या मुलाने, सोपानदेवांनी, आणि पितांबर चौधरींनी ती गाणी तिच्या हयातीत कानाने ऐकून कागदावर उतरवून ठेवली होती म्हणून निदान पुढचं सगळं होऊ शकलं, नाहीतर जात्यातल्या पिठाबरोबर तेही गेलं असतं. याच्या उलट उदाहरण धरणगावच्या त्र्यंबक बापूजी ठोंबरेंचं. १९०७ मध्ये जळगावला कविसंमेलन भरलं, अध्यक्ष होते डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर, आणि त्यांनी या सोळा-सतरा वर्षांच्या पोराची कविता ऐकून तिथल्या तिथे त्याला बालकवी ही पदवी दिली. १९१८ मध्ये भादलीला रेल्वेखाली तो गेला, तेव्हा अजून अठ्ठाविशीही गाठली नव्हती. कीर्तिकरांनी विचार केला असता की पोरगं अजून लहान आहे, जरा पिकू दे, मग बघू, तर काय झालं असतं बघा. धाकट्याचं कौतुक असो की थोरल्याचे आभार, दोन्हीकडे आपण बघू-नंतर करतो आणि समोरच्याचं कॅलेंडर आपल्या हातात नसतं.

ज्यांना तोंडावर बोलायला जमत नाही त्यांच्यासाठी आमच्याच मातीत दुसरी एक पद्धत आहे, ती मला जास्त आवडते. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये १९२४ ते १९३० एवढीच वर्षं शिक्षक होते, छात्रालयातल्या मुलांसाठी हाताने लिहून दैनिक काढायचे. १९३२ मध्ये ते धुळ्याच्या तुरुंगात होते, विनोबाही तिथेच, आणि विनोबा रविवारी कैद्यांसमोर गीतेवर बोलायचे. गुरुजींनी ते सगळं भराभर टिपून घेतलं. नंतर त्याचं 'गीता प्रवचने' हे पुस्तक झालं, नाव विनोबांचं, आणि किती भाषांत गेलं. ज्याच्यापासून आपल्याला मिळालं त्याचं काम नीट टिपून, त्याच्या नावासकट पुढे देणं हेही आभारच आहेत, आणि शालीपेक्षा टिकाऊ. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यात वारले तेव्हा धुळ्याच्या लोकांनी लगेच पुढच्या वर्षी संशोधन मंडळ काढलं, त्यांची दप्तरं, टिपणं सांभाळली, अभ्यासक आजही तिथे जातात. आणि आपण काय करतो? वर्कशॉपमध्ये उस्तादाने शिकवलेली युक्ती स्वतःच्या नावाने यूट्यूबवर टाकतो. एखादी पद्धत अमुक सरांची आहे, मी त्यांच्याकडून शिकलो, एवढं एक वाक्य जोडायला किती सेकंद लागतात हो. माझ्या धंद्यात मी नव्या पोरांना शिकवताना नाव घेऊनच सांगतो की ही फ्लशिंगची सवय मला कोणी लावली, ती पोरं त्या माणसाला कधी भेटलेली नाहीत पण नावाने ओळखतात.

आता उलटी बाजू, कारण कृतज्ञतेच्या नावाखाली आपल्याकडे जे चालतं ते बघितलं की माणसाला हा शब्दच नको वाटतो. आमच्या भागात सातपुड्यापासून खाली भिल्ल समाज मोठा आहे आणि एकलव्य हे नाव इथे नुसतं पुराणातलं नाही, पोरांच्या नावात आहे, मंडळांच्या पाट्यांवर आहे. त्या गोष्टीतली शिष्याची निष्ठा सगळ्या भाषणांत येते. गुरूने शिकवलं तर काहीच नाही आणि घेतलं काय, हे मात्र आवाज खाली करून सांगतात. तो हिशोब आजही चालू आहे. संस्थाचालकाचा वाढदिवस असला की शिक्षकांकडून वर्गणी, पेपरात अर्ध्या पानाची जाहिरात, आमचे आधारस्तंभ म्हणून, आणि ज्याने पैसे दिले नाहीत त्याची नावं लक्षात ठेवणारा एक माणूस नेमलेलाच असतो. नोकरी लावून देताना काय घेतलं हे सगळ्या तालुक्याला माहीत, तरी वर आयुष्यभर उपकार. मी याला घडवला असं चारचौघांत जो दर वेळी म्हणतो त्याचं देणं त्याने स्वतःच वसूल केलेलं असतं, त्याला वेगळे आभार द्यायची गरज नाही. ज्याने काही मागितलं नाही त्याचंच देणं राहतं.

आणि सगळ्यांनाच प्रेरणा देणारं कोणी भेटलेलं नसतं हेही मान्य करा. तुझ्या जातीत कोणी शिकलंय का, पोरीच्या जातीला गणित कशाला, तू गुरंच वळशील, हे वर्गात ऐकलेली माणसं माझ्या ओळखीत भरपूर आहेत आणि त्यातली काही पुढे फार वर गेली. त्यांना कोणी म्हणतं, बघ, सर बोलले म्हणून तू जिद्दीने शिकलास, त्यांचेही आभार मान. अजिबात नाही. अपमान करणाऱ्याला प्रेरणेचे मार्क द्यायचे नसतात, नाहीतर उद्या तो अजून चार पोरांचा अपमान करेल आणि त्यालाच शिकवण्याची पद्धत म्हणेल. आभार नेमके असावेत असं मी म्हणतो त्याचा दुसरा अर्थ हाच, कुठे द्यायचे नाहीत तेही ठरलेलं असावं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे खांदमळणी असते, बैलाच्या खांद्याला हळद-लोणी चोळतात. झूल, बाशिंगं, शिंगांना रंग हे सगळं दुसऱ्या दिवशी, आधी खांदा, कारण जू तिथे बसलेलं असतं, सालं निघालेली असतात. शाल आपण शिक्षकाच्या खांद्यावरच घालतो, पण त्या खांद्यावर जू कसलं आहे हे बघतो का? महाराष्ट्रात शिक्षणसेवक म्हणून लागलेल्या प्राथमिक शिक्षकाला २०२३ पर्यंत महिन्याला ६००० रुपये मानधन होतं, माध्यमिकला ८०००, ज्युनिअर कॉलेजला ९०००, तीन वर्षं. आमच्याकडे केळीचे घड वाहणाऱ्याला त्याच्यापेक्षा जास्त सुटतात, आणि सुटलेच पाहिजेत, अंगमेहनत आहे. २०२३ मध्ये ते १६, १८ आणि २० हजार झालं. सीनियर कॉलेजात तर तासिका तत्त्वावरचे सर-मॅडम, एमए, नेट-सेट, कोणी पीएचडी झालेले, तासाप्रमाणे पैसे, सुट्टीचे नाही, परीक्षेच्या काळाचे नाही, आणि जे निघतात ते पण कधी निघतील सांगता येत नाही. दरवर्षी नव्याने नेमणूक. यातले कितीतरी जण त्या कॉलेजचे सगळ्यात आवडते शिक्षक असतात, पोरं त्यांच्यामुळे विषय घेतात, स्पर्धा परीक्षा त्यांच्यामुळे काढतात, आणि पुढच्या जूनमध्ये ते तिथे असतीलच याची खात्री नाही. वाचनालयांचं तेच, कायदा १९६७ चा आहे, अ ब क ड वर्ग आहेत, अनुदान आहे, पण नानांसारख्याच्या हातात पडतं ते इतकं थोडं की त्यांनी शेती सांभाळून वाचनालय चालवलं. हे सगळं माहीत असून जो माणूस फक्त सरांना सादर प्रणाम असं स्टेटस ठेवतो त्याला मी कृतघ्न म्हणणार नाही, पण त्याच्या प्रणामाने सरांचा किराणा भरला जात नाही एवढं तरी त्याला कळायला हवं.

म्हणून मला आशा वाटते ती माजी विद्यार्थ्यांच्या स्नेहमेळाव्यांकडून, हसू नका. हल्ली दिवाळीला नाहीतर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पुणे, नाशिक, सुरतहून सगळे गावी आले की दहावीच्या बॅचचे मेळावे होतात, एकसारखे टी-शर्ट, जुन्या शिक्षकांचा सत्कार, शेवभाजी नाहीतर भरीत-पुरी, रात्री उशिरापर्यंत डीजे, आणि शाळेला एक वॉटर कूलर किंवा कमान, त्यावर बॅचचं नाव. तिथे दोन गोष्टी वाढवता येतील. एक, सत्कारात भाषण रद्द करून प्रत्येक शिक्षकाबद्दल एका विद्यार्थ्याने अर्धं पान वाचायचं, कोणत्या वर्षी, कोणत्या तासाला, सर काय म्हणाले किंवा काय केलं आणि त्याचं माझ्या कामात पुढे काय झालं, आणि तो कागद सरांच्या हातात द्यायचा, एक प्रत त्यांच्या पोरांना आणि एक शाळेच्या फाइलला. सर तुम्हाला ओळखणार नाहीत, नाव चुकीचं घेतील, धाकट्या भावाचं घेतील, चालतं, तुम्ही त्यांना ओळखता ना. शिपाईमामा आणि लॅबवाले भाऊ हयात असतील तर त्यांनाही बोलवा, खुर्ची पहिल्या रांगेत.

दोन, कूलरचा चेक देण्याआधी मुख्याध्यापकांना, प्राचार्यांना सरळ विचारायचं की आज तुमच्याकडे किती जागा रिकाम्या आहेत, किती जण तासावर आहेत आणि त्यांचे शेवटचे पैसे कोणत्या महिन्याचे निघाले. हे उत्तर लिहून घ्यायचं, सगळ्या बॅचच्या सह्या करायच्या आणि संस्थेला, शिक्षणाधिकाऱ्यांना, सहसंचालकांना पाठवायचं, आमदार मंचावर असतील तर त्यांच्याही हातात द्यायचं. मुख्याध्यापकांची थोडी पंचाईत होईल, ते घसा खाकरतील, विषय बदलतील, कारण हा प्रश्न त्यांना स्वतःला वर विचारता येत नाही. माजी विद्यार्थ्याला येतो, त्याची बदली कोण कुठे करणार?